वर्धापनदिनाचा वजनकाटा

सोमवार, ता. ९
दुपार, काउंटर क्रमांक दोन

ती. भावोजी यांस मेहुण्याचा नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. आम्ही इकडे ठीक. हिची गुडघेदुखी चालू आहे आणि माझी बडबड चालू आहे, म्हणजे दोन्ही नेहमीसारखंच.

काल दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. आज सकाळी ताईनं उचलला आणि ‘ते झोपलेत’ म्हणाली. उन्हं वर आल्यावर झोपून राहणारा माणूस तुम्ही नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. म्हटलं, जुन्या पद्धतीनं चिठ्ठी पाठवावी. तुमच्या बंबखान्यात फोन नव्हता तेव्हा आपण सामानाच्या ढकलगाडीवर चिठ्ठ्या ठेवून पाठवायचो, आठवतं? ‘चहा झालाय, या.’ ‘साहेब तिकडे निघालेत, टेबलावरचे पाय खाली घ्या.’ त्यातलीच ही एक समजा, जरा लांबलेली. दुपारचं विमान आत्ताच गेलंय आणि पुढच्याला अवकाश आहे, त्यामुळे काउंटरवर मी आणि माझं पेन दोघेच आहोत.

परवा तुम्ही विमानतळाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम अर्धवट सोडून गेलात, त्यामुळे पुढची सगळी मजा हुकली. केक चक्क धावपट्टीच्या आकाराचा होता, मधोमध पांढरे पट्टे आणि कडेला दिव्यांच्या जागी चेरी. साहेबांनी तो कापताना भाषण केलं. पत्र्याची शेड, त्यात एक टेबल, दिवसाला एक विमान आणि धावपट्टीवर कुत्री. तिथपासून आजच्या काचेच्या इमारतीपर्यंत चाळीस वर्षांचा प्रवास त्यांनी इतक्या रंगून सांगितला की ते स्वतः तेव्हा शाळेत होते हे लोक विसरूनच गेले. फोटोंच्या प्रदर्शनात तुमचा फोटो अगदी दाराशी लावलाय. पाण्याचा पाइप घेऊन तुम्ही धावपट्टीवरच्या कुत्र्यामागे धावताय तो. कुत्रं पुढे आहे.

मग बंबांची कमान. दोन्ही बाजूंनी पाणी उडवायचं आणि मधून विमान न्यायचं, एवढं साधं काम. एका बंबाचा फवारा सुरूच होईना. विमानाचा एक पंख न्हाला आणि दुसरा कोरडाच राहिला. तुम्ही असतात तर त्या पोरांची चांगली खरडपट्टी काढली असतीत.

आता त्या काट्याबद्दल. ते एवढं मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही मागच्या रांगेत होतात, त्यामुळे मी सुरुवातीला माइकवर काय बोललो ते तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. मी कौतुकच करत होतो. म्हणालो, ‘मंडळी, सुरुवातीचं विमान एवढंसं होतं. त्यात वजन मोजून मापूनच चालायचं. म्हणून बॅगेबरोबर माणसालाही या काट्यावर उभं करावं लागायचं आणि आकडा मोठ्यानं सांगावा लागायचा, म्हणजे पलीकडे पायलट ऐकून बेरीज करायचा. त्या आकड्यांपायी किती बायका माझ्यावर कायमच्या रुसल्यात! आणि रोज सकाळी काटा बरोबर आहे की नाही हे बघायला बंबखान्यातून आमचे भावोजी यायचे. वजन ब्याण्णव. उन्हाळा असो, हिवाळा असो, ब्याण्णव. काट्यानं एक्याण्णव दाखवलं तर दुरुस्त कुणाला करायचं? काट्याला! भावोजींना नव्हे!’ काय हसले लोक. आणि मग मी तुम्हाला वर बोलावलं. तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसतात.

आकडा जरा कमी भरला. ‘काटा म्हातारा झालाय, माझ्यासारखाच,’ असं तुम्हीच म्हणालात आणि सभागृह हसलं. मग मी वजनं ठेवून काटा तपासून दाखवला, एक छोटासा विनोद केला, टाळ्या झाल्या. झालं. तुम्ही खाली उतरताना माझं मनगट धरलंत तेव्हा तुमचा तोल गेला असं मला वाटलं. पायऱ्या अरुंदच होत्या, मी तेव्हाच मांडववाल्याला सांगितलं होतं.

तुमच्यासाठी ठेवलेलं काचेचं विमान तिथेच राहिलंय. ते माझ्या कपाटात आहे, येताना आणतो. शुक्रवारी घारीचं उड्डाण. मी मुद्दाम सकाळची पाळी मागून घेतली आहे. भाचीच्या बॅगा कितीही जड भरल्या तरी मामा त्या दिवशी डोळेझाक करणार, हे तिला सांगा. लहानपणी गॅलरीत बसून विमानांवर टक लावायची म्हणून मीच तिला घार म्हणायला लागलो, आणि आता ती खरंच विमानं दुरुस्त करायला शिकणार. आपल्या घरात आजवर विमानाला हात लावला तो बाहेरूनच.

एक फोन करा. रागावला असलात तर रागावण्यासाठी करा.

तुमचा मेहुणा,
तराजू


शनिवार, ता. १४
सकाळ, घरी

ती. भावोजी,

या वेळी ‘आम्ही ठीक’ असं लिहीत नाही.

सोमवारचं पत्र वाचलं नसलंत तर वाचू नका, टाकून द्या. वाचलं असलंत तर माझ्याकडे बोलायला तोंड नाही. केकवरच्या चेरी मोजत बसलो मी त्यात. तुम्ही आतल्या खोलीत दार लावून पडला होतात आणि मी तुम्हाला बंबाचा फवारा कसा बंद पडला ते सांगत होतो.

गुरुवारी घार काउंटरवर आली. तिच्यापुढे तीनचार माणसं होती, ती त्यांच्यामागे गुपचूप उभी राहिली. एरवी ती मागच्या दारानं आत येऊन माझ्या डब्यातलं खाऊन जाते. पाळी आल्यावर म्हणाली, ‘मामा, उद्याचं तिकीट रद्द करा.’

मला अजूनही काही उमगलं नव्हतं. मी म्हणालो, ‘का गं, बॅग भरून झाली नाही होय?’

‘बाबांना बरं नाहीये. पोटाचं आहे, मोठं आहे. त्यांना दीड महिन्यापासून माहीत होतं. मी गेल्याशिवाय घरात कुणाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.’ एवढं सगळं ती अगदी शांतपणे बोलली. मग म्हणाली, ‘आईला तिथे कळलं. तुम्ही वजनं ठेवलीत तेव्हा.’

तिच्या मागचा माणूस घड्याळ बघत होता. मी यंत्रावर तिचं तिकीट उघडलं. यंत्र विचारतं, नक्की रद्द करायचं का. मी ‘हो’ दाबलं. आयुष्यभर लोकांना विमानात बसवलं आणि घरातली पहिली मुलगी शिकायला निघाली तर तिला माझ्याच हातानं उतरवलं. मी तिला विचारलं, शिक्षणाच्या जागेचं काय. ‘देतील दुसऱ्या कुणाला तरी,’ असं म्हणून ती निघून गेली. मला तिच्या मागे जायचं होतं. रांग होती म्हणून गेलो नाही असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं सांगायचं तर तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

भावोजी, मला माहीत नव्हतं. आईशपथ माहीत नव्हतं. तुम्ही बारीक झालात हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण तुम्ही गोड सोडलंय, रोज चालायला जाता, असं ताई कौतुकानं सांगत फिरायची. तुमच्या पँटा ती स्वतः आत घेत होती आणि ‘बघ, लग्नातल्या मापावर आणलंय त्यांना,’ असं मला म्हणाली होती. त्या दिवशी तुम्ही जाड कोट घातला होता आणि आत स्वेटर होते. दोन होते, हे मला ताईनं काल सांगितलं. मी फक्त कोट बघितला आणि माणूस तोच आहे असं धरलं.

सोमवारी मी लिहिलं की छोटासा विनोद केला. तो विनोद काय होता ते मी लिहिलं नाही, कारण लिहिताना माझ्याच कानाला तो बरा लागेना. पण तुम्ही तो ऐकलाय, आणि तुम्हाला सोडून मी एकट्यानं तो विसरायचा हे काही बरं नाही.

काट्यानं काय दाखवलं तो आकडा मी इथे लिहिणार नाही. स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर तो माणसाएवढा दिसत होता, तेवढं पुरे झालं. तुम्ही हसून काट्यावर ढकललंत आणि लोकांनी ते मान्यही केलं होतं. विषय तिथेच संपत होता. पण साहेब माइक घेऊन म्हणाले, ‘बघा, म्हणूनच जुनं सामान भंगारात द्यायचं असतं!’ नव्या काउंटरवरची पोरं खो खो हसली. आणि माझं डोकं फिरलं.

का फिरलं ते सांगतो, समर्थन म्हणून नाही. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा विमानतळ तुम्हाला ओळखत होता. त्यानंतर धावपट्टी लांबली, मोठी विमानं आली, सामानाला पट्टे आले, दुसरा मजला चढला. जसजसा विमानतळ वाढला तसतसा मी कमी होत गेलो. पूर्वी पायलट माझ्या आवाजाची वाट बघायचा. आता मी एक कागद छापून देतो, आणि तोही लोक घरून मोबाइलवर घेऊन येतात. त्या चाळीस वर्षांत माझ्या नावावर काय होतं, तर तो काटा. गोदामात मोडक्या खुर्च्यांखाली सापडला तेव्हापासून मी त्याच्या मागे होतो. गंज काढला, स्प्रिंग बदलली, रोज वजनं ठेवून तपासला. तो बरोबर आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि साहेब त्याला भंगार म्हणाले.

म्हणून मी पडद्यामागची वजनं आणली. एकेक ठेवलं. पडद्यावर आकडा अगदी तंतोतंत आला. मग मी तुमच्याकडे बोट दाखवून माइकवर ओरडलो, ‘काटा खरा आहे मंडळी! माणूस खोटा आहे!’

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला बरं वाटलं, भावोजी. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पहिल्या रांगेत ताई तेवढी हसत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, मग तुमच्याकडे, मग परत पडद्याकडे. मी तिला पाहिलं आणि तिचं लक्ष नाही म्हणून हातानं खूण केली, टाळ्या वाजव म्हणून.

तुम्ही त्या वेळी माझ्याशी काहीतरी बोललात. बँडचा आवाज होता, लोकांचा कल्ला होता. नीट काही कळलं नाही.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं, ती काहीतरी समजुतीचं बोलेल म्हणून. ती कांदा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, ‘तुम्हाला जिंकायचं होतं. समोर कोण उभं आहे ते तुम्ही बघितलंच नाहीत.’ आणि परत चिरायला लागली.

काल संध्याकाळी तुमच्या इमारतीखाली आलो होतो. दोन मजले चढलो. दाराबाहेर तुमच्या चपला होत्या, नेहमीसारख्या भिंतीला लावून. घंटी न वाजवता उतरलो. मला भेटायचं नसेल तर नका भेटू, पण दवाखान्यात जायला यायला गाडी हवी असेल तर ताईनं मला सांगावं. मागे बसा, माझ्याशी बोलूही नका. गाडी चालवताना मी तोंड बंद ठेवीन, शब्द देतो.

तुमचा अपराधी,
मेहुणा


गुरुवार, ता. २
सकाळ

ती. भावोजी,

काल तुम्हाला घरी सोडून आलो तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. कामावर जायच्या आधी लिहून संपवतो, कारण तिथे गेलो की मी परत दुसराच कुणीतरी होतो, सगळ्यांशी हसून बोलणारा.

तीन बुधवार झाले, तुम्ही मागे बसता आणि डोळे मिटून घेता. मी शब्द दिल्याप्रमाणे तोंड बंद ठेवतो. पहिल्या बुधवारी उतरताना तुम्ही ‘सावकाश जा’ एवढंच म्हणालात. त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढला. काल तुम्ही काहीच बोलला नाहीत, पण उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतलात. तुमचा हात किती हलका लागला ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता मला जे खुपतंय ते.

लोक माझं कौतुक करताहेत. आधी कामावरच्यांनी सुरू केलं, ‘तुमच्यामुळे वेळेवर कळलं हो.’ मग साहेबांना ते कळलं आणि त्यांना त्यात काहीतरी भव्य दिसलं. विमानतळाच्या मासिकात माझा आणि काट्याचा फोटो छापणार आहेत. काटा नव्या इमारतीत काचेच्या पेटीत ठेवणार, खाली पाटी, आणि पडदा मी बाजूला सारायचा. ज्याला ते भंगार म्हणाले होते तोच काटा. मी काय म्हणालो असेन असं तुम्हाला वाटतं? मी हो म्हणालो. मला शिंप्याकडे जाऊन नवा सदरा शिवून घ्यायचंही सुचलं.

पण त्याहून वाईट, ताई. मागच्या बुधवारी तुम्हाला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हा ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, ‘तू नसतास तर ह्यांनी मला शेवटपर्यंत कळू दिलं नसतं रे. तुझे उपकार आहेत.’ माझी थोरली बहीण. माझ्या अंगावरचे फाटके कपडे शिवून मला शाळेत पाठवणारी. तिनं माझे उपकार मानले आणि मी ते मुकाट्यानं घेतले. वर म्हणालो, ‘अगं, असू दे.’

आणि काल. तुमची सुई लावायला जी नर्स येते ना, मोठ्यानं बोलणारी, तिनं मला दवाखान्याच्या दारात गाठलं. म्हणाली, ‘तुमच्या भावोजींसारखा शिस्तीचा पेशंट नाही बघितला. पहिली वेळ त्यांनी महिनाभर आधी घेऊन ठेवली होती. शनिवारची. मुलगी शुक्रवारी जाणार आहे, शनिवारी सकाळी मी हजर, असं सांगून गेले होते. आणि आलेही त्याच दिवशी.’

म्हणजे तुमचे उपचार काट्यामुळे एक दिवसही लवकर सुरू झाले नाहीत. शनिवारी व्हायचे होते, शनिवारीच झाले. तुम्ही सगळं बेतलं होतं. शुक्रवारी घारीला हसत निरोप द्यायचा, घरी येऊन ताईला जवळ बसवून आपल्या तोंडानं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं. त्यात फक्त मी आडवा आलो. ताईला ते तुमच्याकडून कळायचं ते चारशे माणसांसमोर पडद्यावरून कळलं, आणि घार राहून गेली. माझ्या करणीचा हिशोब एवढाच आहे. लोक ज्याला पुण्य म्हणताहेत त्यातलं काहीच मी केलेलं नाही.

घारीला मी परवा फोन केला होता. तिच्या त्या संस्थेला पत्र लिहून पुढच्या तुकडीत जागा मिळते का विचारावं, असं सुचवायला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मामा, आत्ता नको.’ रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर मला जरा मोकळं वाटलं असतं.

काल परत येताना तुम्ही गाडीत झोपला होतात तेव्हा ताई पुढे माझ्या शेजारी बसली होती. हळू आवाजात म्हणाली, ‘हे मला म्हणत होते, मी त्याला काट्यावरून उतरताना सांगितलं होतं. पण त्याला ऐकू गेलं नसेल, गोंगाट फार होता. त्याला बोल लावू नकोस.’ मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, ‘नव्हतं ना रे ऐकू आलं?’

मी म्हणालो, ‘नाही गं. बँड वाजत होता.’

तिनं मान हलवली आणि निश्चिंत होऊन बाहेर बघत बसली. आरशात तुम्ही दिसत होता, डोळे मिटलेले. तुम्ही झोपला होतात की जागे होतात, मला माहीत नाही. जागे असाल तर माझं हे दुसऱ्यांदा खोटं बोलणं तुम्ही ऐकलंत आणि दुसऱ्यांदा गप्प बसलात.

आज सकाळी मी साहेबांना फोन करून सांगितलं की माझा फोटो नको, पडदा दुसऱ्या कुणाकडून सारून घ्या. कारण विचारत होते. म्हटलं, नंतर सांगतो. ते कारण आधी तुमच्या घरात पोहोचायला हवं.

ताई काल म्हणाली की औषधांनंतर तुम्हाला वाचवत नाही, अक्षरं नाचतात, आणि आलेलं सगळं आता तीच तुम्हाला वाचून दाखवते. माझी आधीची दोन पत्रंही तिनंच गेल्या आठवड्यात वाचून दाखवली म्हणे, आणि माझ्या बाजूनं रडली. म्हणून हे पाकीट मी बंद करत नाही. तुमच्या टपालपेटीतही टाकत नाही. कामावर जाताना वर येऊन तिच्या हातात देणार आहे.

ताई, म्हणजे आत्ता हे तूच वाचते आहेस. आवाज खाली आणू नकोस, मधलं गाळू नकोस. शेजारी बसलेल्या माणसाला ते तुझ्या तोंडून ऐकू दे, कारण तुला मी काल जे सांगितलं ते त्यालाही सांगितल्यासारखंच झालं.

भावोजी, बँड वाजत नव्हता. साहेब बोलायला उठले तेव्हाच तो थांबवला होता. लोक हसून शांत झाले होते आणि माइक मी खाली धरला होता. पहिलं वजन उचलायला मी वाकलो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. तोल गेला नव्हता तुमचा. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, ‘अरे, काटा बिघडलाय म्हण. एवढं कर माझ्यासाठी. पोरगी शुक्रवारी जाऊ दे.’

प्रत्येक शब्द मला ऐकू आला. आणि नुसता ऐकू आला नाही, कळला. तुमचा कोट, तो आकडा, पोरगी, शुक्रवार, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात जुळलं. ‘मला माहीत नव्हतं’ असं मी शपथेवर लिहिलं, ते वजन उचलण्याआधीपर्यंत खरं होतं. वजन उचललं तेव्हा मला माहीत होतं. नव्या काउंटरवरची पोरं अजून हसत होती. मी तुमचा हात सोडवला आणि वजन काट्यावर ठेवलं.

माफी मागायची म्हटली तर तिची सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. तुम्ही सगळ्यांसमोर माझी लाज राखलीत, आणि मी तुमची एका वाक्यापुरतीही राखली नाही.

येत्या बुधवारी नेहमीच्या वेळी मी गाडी घेऊन खाली उभा असेन. वर येणार नाही, हॉर्न वाजवणार नाही. यायचं असेल तर या. नसेल तर ताई, तू टॅक्सी बोलाव आणि माझ्यासमोरून सरळ निघून जा. मी तुम्ही गेल्याशिवाय हलणार नाही.

ताई, तुझा भाऊ.

भावोजी, तुमचा कोण, ते तुम्ही ठरवा.